वाचनालयातल्या चित्रपटांसाठी कोहा की टेलिको?

वाचनालयातलं सीडी-डीव्हीडींचं कपाट नव्याने लावायचं ठरलं, की आधी सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. नुसती यादी हवी असेल तर एक्सेल पुरतं. पण सभासदाला शोधता यावं आणि देवघेवही त्यातच व्हावी असं वाटत असेल, तर फुकट मिळणारे दोन चांगले पर्याय आहेत, संग्रहाची यादी ठेवणारं टेलिको आणि अख्ख्या ग्रंथालयाचं काम सांभाळणारं कोहा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या वाचनालयात मी दोन्ही वापरून पाहिले. सध्या कोहा चालू आहे. तरी टेलिको घेणाऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

कारण कामाचा वेग टेलिकोत आहे. चित्रपटाचं नाव टाकायचं, योग्य तो निवडायचा, आणि दिग्दर्शक, कलाकार, साल, लांबी, पोस्टर असं सगळं इंटरनेटवरून आपोआप येऊन बसतं. हिंदी आणि तेलुगू डिस्कचा एकेक खण भराभर उरकतो. कोहात हे सुख नाही. पुस्तकांच्या तयार मार्क नोंदी (ग्रंथालयांच्या ठरीव साच्यातल्या, क्रमांकाच्या रकान्यांच्या नोंदी) इतर ग्रंथालयांतून उतरवून घेता येतात, जुन्या मराठी चित्रपटांच्या मात्र आम्हाला क्वचितच सापडल्या. बहुतेक सगळं हाताने टंकावं लागलं. शिवाय उबुंटू किंवा डेबियनशी ओळख असलेलं कोणीतरी हाताशी लागतं. आमच्याकडे संगणकशास्त्र शिकणारी एक सभासद मुलगी होती, म्हणून निभावलं. देवनागरीत शोध नीट चालावा म्हणून झेब्राच्या, म्हणजे कोहाच्या शोधयंत्रणेच्या, अनुक्रमणीत आयसीयू ही वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी सोय सुरू करून घ्यावी लागते, तेही तिनेच केलं. हे आधी केलं नाही तर कोहावर उगाच राग येतो.

एवढं असूनही माझं मन कोहाकडे वळलं, ते नावांमुळे.

टेलिको चालू होतं तेव्हा एक निवृत्त गिरणी कामगार टेबलाशी आले. ‘ताई, पडोसी आहे का ओ? जागीरदारांचा.’ देवघेवीच्या ताईंनी ‘जागीरदार’ टंकलं, पडदा कोरा. ‘जहागीरदार’ टंकलं, तरी कोरा. डिस्क कपाटात होती, पण इंटरनेटवरून आलेली तिची नोंद रोमन लिपीत होती. आजोबांना ताई ‘नाही’ म्हणाल्या आणि ते निघून गेले. वस्तू असून नाही म्हणणं मला वाचनालयात सगळ्यात जास्त खुपतं.

टेलिकोत यावर इलाज नाही असं नाही. स्वतःचा वेगळा रकाना उघडता येतो, त्यात देवनागरी नाव घालता येतं. पण दिग्दर्शक म्हणजे तिथे प्रत्येक नोंदीत लिहिलेला मजकूर. एकीत ‘व्ही. शांताराम’, दुसरीत ‘शांताराम व्ही.’, तिसरीत रोमन, की एकाच माणसाचे तीन गट दिसतात. मग प्रत्येक नोंद उघडून सारखी करत बसा. नव्या डिस्क आल्या की पुन्हा तेच.

कोहात माणसाची नोंद चित्रपटाच्या नोंदीपासून वेगळी असते. ग्रंथालयशास्त्रात तिला प्रमाणित नोंद म्हणतात. तिच्या १०० क्रमांकाच्या रकान्यात ठरवलेलं नाव, ४०० मध्ये बाकीची रूपं: शांताराम वणकुद्रे, शांतारामबापू, रोमन स्पेलिंग. ही पर्यायी नावंही शोधात धरण्याची सोय सिस्टिम प्रेफरन्समध्ये, म्हणजे कोहाच्या सेटिंगमध्ये, आहे. ती चालू करून अनुक्रमणी एकदा पुन्हा करायची. त्यानंतर सभासदाच्या तोंडी कुठलंही रूप असो, त्या माणसाच्या सगळ्या डिस्क समोर येतात. आमच्या भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, सिनेमा हिंदी अशी माणसं आहेत. नावं कशी लिहायची यावर एकमत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही.

प्रभातच्या जोडचित्रपटांना याचा फार उपयोग झाला. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) हे डब केलेले नाहीत, दोन भाषांत वेगवेगळे चित्रित केलेले आहेत. ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त त्यांच्या जागी मझहर खान, गजानन जागीरदार दोन्हींत आहेत. म्हणून दोघांना एकाच नोंदीत कोंबू नये. आम्ही नोंदी स्वतंत्र ठेवल्या आणि प्रत्येकीच्या टिपेत जोडीदाराचं नाव घातलं. आता एक मागायला आलेल्याला दुसराही दिसतो, आणि बरेचदा तो दोन्ही घेऊन जातो. हिंदीत भलत्याच नावाने आलेल्या तेलुगू चित्रपटांचं वेगळं. तिथे चित्रपट एकच असतो, त्यामुळे पर्यायी नाव त्याच नोंदीच्या २४६ क्रमांकाच्या रकान्यात जातं.

व्हीसीडीचा त्रासही कोहात कमी झाला. एक चित्रपट दोन-तीन डिस्कवर, आणि परत येताना हमखास एक घरी राहते. प्रतीच्या नोंदीत किती भाग आहेत ते लिहिलं आणि तशी सोय सुरू ठेवली, तर डिस्क देता-घेता सगळे भाग आहेत का असं कोहा विचारतं.

मांडणीबद्दल थोडंसं. भाषेप्रमाणे खण लावण्याचा मोह होतो, पण आम्ही डिस्क सरळ दाखल क्रमांकाने लावल्या. भाषा, विषय, साल हे शोधात गाळता येतं, कपाटात ते पुन्हा करायची गरज उरत नाही. हे दोन्ही सॉफ्टवेअरना लागू आहे.

मग कोणी काय घ्यावं? डिस्क थोड्या असतील, टेबलावर एकच माणूस बसत असेल आणि पुस्तकांची देवघेव वहीवरच चालत असेल, तर टेलिको बहुधा पुरेल. उसनवारीची नोंद त्यातही ठेवता येते. पुस्तकं आणि चित्रपट एकाच सभासद क्रमांकावर द्यायचे असतील, किंवा तुमच्याकडेही तीन-चार भाषांचे सभासद असतील, तर पहिल्या महिन्याचा ताप सोसून कोहा घ्या असं मी सुचवेन. आणि डिस्क टंकायला बसण्याआधी दिग्दर्शक व मुख्य कलाकारांच्या प्रमाणित नोंदी करून घ्या, त्यात जुन्या सभासदांना शेजारी बसवा. कोणाला लोक काय म्हणतात, ते त्यांच्याइतकं कुठल्याच माहितीकोशात मिळत नाही.