ड्रॉप, स्विच की झोन? एनबीए टू-केमध्ये टीमचा बचाव ठरवताना

एनबीए टू-के हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणारे बहुतेक जण नवे ड्रिबल मूव्ह शिकण्यात महिने घालवतात आणि बचावाची सेटिंग्ज जशी आली तशी ठेवतात. मग समोरचा त्याच एका स्क्रीनवरून (साथीदाराने बचावपटूच्या वाटेत उभं राहून केलेला अडथळा) पुन्हा पुन्हा गुण काढतो आणि आपण बटण वेळेवर दाबलं नाही म्हणून स्वतःवर चिडतो. खरं तर बऱ्याचदा बोटांची चूक नसते. गार्ड (बॉल हाताळणाऱ्याला अडवणारा) स्क्रीनला अडकला, सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) तळाशी उभा राहिला आणि मधे पंधरा फुटांची मोकळी जागा पडली, तर ती जागा तुम्ही खेळायला बसण्याआधीच मेनूत ठरलेली असते. त्यामुळे कुठला बचाव ठेवायचा हा निर्णय सामन्याआधी, शांतपणे घ्यायला हवा. तो कसा घ्यायचा हे इथे मांडतो आहे.

माझं म्हणणं एकच आहे: बचाव आपल्या सेंटरकडे बघून ठरवा, समोरच्या स्टारकडे बघून नंतर. क्रिकेटमध्ये कर्णधार क्षेत्ररचना लावतो तेव्हा फलंदाज कितीही मोठा असला तरी आधी चेंडू कुणाच्या हातात आहे ते बघतो, तसंच हे. तुमचा सेंटर बास्केटजवळचा पहारेकरी आहे की गार्डच्या मागे धावू शकणारा, यावर निम्म्याहून अधिक सेटिंग्ज आपोआप ठरतात. खेळाडूच्या कार्डावर इंटिरिअर डिफेन्स, ब्लॉक, पेरिमीटर डिफेन्स आणि स्पीड हे चार आकडे बघा. पहिले दोन मोठे आणि शेवटचे दोन लहान असतील तर तो ड्रॉपचा, म्हणजे स्क्रीन लागली की मागे सरकून राहण्याच्या बचावाचा, माणूस. चारही बरे असतील तर स्विचचा, म्हणजे स्क्रीनवर आपापले खेळाडू बदलून घेण्याचा, विचार करता येतो. चारही बेताचे असतील तर झोनकडे, म्हणजे प्रत्येकाने खेळाडूऐवजी जागा राखण्याकडे, वळावं लागतं.

पण त्याआधी ऑटोचं काय ते पाहू. कोचिंगच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह कोचिंग इंजिन नावाची सोय आहे. समोरचा कसा खेळतोय ते पाहून ती तुमच्या बचावात बदल करते. नव्या खेळाडूसाठी ती चांगलीच आहे. कोण शूटर आहे, कुणाला मोकळं सोडलं तरी चालतं, याची जाण संगणकाला नवशिक्यापेक्षा नक्कीच जास्त. अडचण अशी की ती चालू असेल तर तुम्ही हाताने ठेवलेल्या गोष्टी सामन्याच्या मध्यात बदलू शकते. स्क्रीनला सेंटर खाली राहील असं तुम्ही धरून चालता आणि तो वर येतो. संगणकाशी खेळत असाल तर ऑटो ठेवा. माणसाशी खेळत असाल, विशेषतः ऑनलाइन, तर बचाव हातात घ्या. आपले चार साथीदार कुठे असतील हे न बघता माहीत असणं, हा हातात घेण्यातला सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता मुख्य तुलना, म्हणजे ड्रॉप आणि स्विचची. आजच्या एनबीएत सगळ्यात जास्त खेळला जाणारा डाव पिक-अँड-रोल (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे धावणं) आहे आणि टू-केमध्ये तर तो एका बटणावर मिळतो. म्हणून या दोघांतला निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार.

ड्रॉपमध्ये बॉलवरचा गार्ड स्क्रीनच्या वरून पाठलाग करतो आणि सेंटर मागे सरकून पेंटच्या (रिंगखालच्या रंगीत पट्ट्याच्या) आसपास राहतो. सेटिंग्जमध्ये गार्डसाठी ‘गो ओव्हर’ निवडायचं आणि सेंटरला हेज करू (वर येऊन अडवू) द्यायचं नाही. यात तुम्ही रिंगजवळचा सोपा बास्केट आणि थ्री (तीन गुणांचा लांबचा फटका) या दोन्ही गोष्टी महाग करता आणि मधल्या अंतरावरचा फटका देऊन टाकता. मिलवॉकी बक्सनी ब्रूक लोपेझला असंच खाली ठेवून २०२१चं विजेतेपद मिळवलं. त्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी स्विचही बरंच केलं, लोपेझ मोकळ्या जागेत फिनिक्सच्या क्रिस पॉलसमोर सापडत गेला, पॉलने ३२ गुण केले आणि फिनिक्स जिंकलं. पुढे लोपेझ पुन्हा खाली गेला आणि मालिका बक्सनी ४-२ ने घेतली. माणूस तोच होता, त्याला उभं करण्याची जागा बदलली.

ड्रॉपची दुखरी बाजूही त्याच वर्षी दिसली. यूटा जॅझचा रूडी गोबेअर हा वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब अनेकदा मिळवलेला सेंटर. क्लिपर्सनी प्लेऑफमध्ये पाचही जण थ्री मारणारे उतरवले आणि गोबेअरला कोपऱ्यातल्या टेरन्स मॅनच्या वाट्याला ठेवलं. गोबेअर आत मदतीला गेला की मॅन मोकळा. सहाव्या सामन्यात मॅनने ३९ गुण केले, जॅझची २५ गुणांची आघाडी विरघळली आणि मालिका संपली. टू-केमध्ये समोरच्याने पाच शूटर उतरवले की तुमच्या ड्रॉपचं नेमकं हेच होतं. तेव्हा सेंटर बदला किंवा मॅचअप (कोण कुणाला अडवणार ते) बदला. त्याच ड्रॉपवर अडून बसू नका.

दुसरं म्हणजे ड्रॉप चालायला गार्ड स्क्रीनमधून निसटणारा हवा. पिक डॉजर बॅज (स्क्रीन चुकवण्याचं कौशल्य दाखवणारी खूण) असलेला गार्ड आणि तो नसलेला गार्ड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गार्ड दरवेळी स्क्रीनला चिकटून राहत असेल तर सेंटर कितीही उंच असला तरी समोरचा थ्रीच्या रेषेवरून निवांत मारणार. अशा वेळी समोरचा साधारण शूटर असेल तर ‘गो अंडर’ ठेवा, म्हणजे गार्ड स्क्रीनच्या खालून जाईल आणि ड्राइव्हची (बॉल घेऊन रिंगकडे घुसण्याची) वाट बंद होईल. हे प्रत्येक विरोधी खेळाडूसाठी वेगळं ठेवता येतं, आणि ही सोय बहुतेक जण वापरतच नाहीत. चांगल्या शूटरला ओव्हर, वाईट शूटरला अंडर, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

स्विचचा विचार अगदी उलटा आहे. स्क्रीन लागली की दोन बचावपटू आपापले खेळाडू बदलतात, त्यामुळे मोकळी जागा पडतच नाही. ड्रेमंड ग्रीनसारखा कुणालाही अडवू शकणारा माणूस मधे ठेवून गोल्डन स्टेट वॉरियर्सनी याच पद्धतीवर वर्षानुवर्षं राज्य केलं. बघायला स्विच देखणा असतो आणि खेळायला सोपा वाटतो, कारण धावपळ कमी होते. पण समोरचा हुशार असेल तर तो तुमचा सगळ्यात कच्चा बचावपटू शोधून काढतो, त्याच्या माणसाकडूनच स्क्रीन लावून घेतो आणि तो कच्चा माणूस आपल्या स्टारसमोर आणून उभा करतो. २०१६च्या अंतिम फेरीचा सातवा सामना आठवा. ८९-८९ अशी बरोबरी, मिनिटाहून कमी वेळ शिल्लक. क्लीव्हलंडच्या जे. आर. स्मिथने स्क्रीन लावली, स्विच झाला आणि त्याचा साथीदार कायरी अर्विंगसमोर वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनऐवजी स्टेफ करी आला. अर्विंगने त्याच्यावरून थ्री मारला आणि क्लीव्हलंडने विजेतेपद नेलं. ऑनलाइन खेळणारे लोक हा शोध प्रत्येक पझेशनला (बॉल हातात आला की दरवेळी) घेतात.

म्हणून स्विच ठेवायचा तर पाचही जणांत एकही उघडा दुवा नको. पाचपैकी चार चांगले आणि एक बुटका, मंद गार्ड असेल तर सगळ्यांना स्विचवर ठेवू नका. त्या एका गार्डच्या माणसासाठी वेगळं सेटिंग ठेवा, म्हणजे तो ज्याला अडवतोय त्याच्या स्क्रीनवर स्विच न होता ओव्हर किंवा हेज होईल. उरलेले चार आपसात खुशाल बदलू देत. असा मिश्र बचाव मला सगळ्यात जास्त आवडतो. लावायला पाच मिनिटं लागतात, पण सामनाभर समोरच्याला नेमकं काय चाललंय ते कळत नाही.

स्विचचा आणखी एक तोटा रिबाउंडला (चुकलेल्या फटक्याचा बॉल पकडताना) दिसतो. सेंटर थ्रीच्या रेषेवर आणि तुमचा गार्ड त्यांच्या सेंटरला पाठीवर घेऊन रिंगखाली, अशी स्थिती झाली की पहिला फटका चुकला तरी दुसरा त्यांचाच.

हेज आणि ब्लिट्झ यांना मी रोजच्या वापरात धरत नाही, आइस मात्र ड्रॉपसोबत धरतो. हेजमध्ये सेंटर क्षणभर वर येऊन गार्डला अडवतो आणि परत जातो. सेंटर चपळ असेल तर उत्तम, नसेल तर तो परत पोचेपर्यंत लॉबचा (उंच पासवरचा) डंक झालेला असतो. ब्लिट्झ म्हणजे दोघांनी मिळून बॉलवर झडप घालणं. समोरचा एकाच स्टारवर अवलंबून असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये दोन-तीन वेळा वापरण्याजोगं हे हत्यार आहे, पण सतत वापरलं तर एक पास आणि चार विरुद्ध तीन. आइस बाजूच्या स्क्रीनसाठी आहे. बॉल असलेल्याला मधे येऊच द्यायचं नाही, कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं, आणि ड्रॉपमधला सेंटर तिथे वाट बघतच असतो. ड्रॉप खेळणाऱ्यांनी आइस जरूर शिकावं, दोघांची जोडी फार चांगली जमते.

आता झोन. एनबीएत २००१-०२च्या हंगामापासून झोनला परवानगी मिळाली आणि त्याच वेळी बचावाचा तीन सेकंदांचा नियम आला: कुणालाही प्रत्यक्ष अडवत नसताना पेंटमध्ये तीन सेकंदांहून अधिक थांबलात तर टेक्निकल फाउल. सेंटर स्वतःच्या हातात ठेवून त्याला रिंगखाली रोवून ठेवणाऱ्यांना हा नियम नेमका नडतो. झोन लावला तरी सेंटरला आत-बाहेर करत राहावं लागतं.

झोनचे प्रकार बरेच आहेत, पण निवड खरं तर २-३ आणि ३-२ यांच्यात आहे. २-३ मध्ये तीन जण खाली असतात, पेंट बंद होतो आणि कोपरे व फ्री-थ्रो रेषेजवळचा भाग मोकळा राहतो. ३-२ मध्ये वरचे थ्री बंद होतात आणि खालच्या दोघांवर ताण येतो. २०२०च्या प्लेऑफमध्ये प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्राच्या मायामी हीटने बोस्टनविरुद्ध २-३चा भरपूर वापर केला आणि मालिका ४-२ ने जिंकून अंतिम फेरी गाठली. पण हीटकडे तो झोन अधूनमधून लावायला होता, तालात आलेलं आक्रमण तोडण्यासाठी. टू-केमध्येही त्याचा खरा उपयोग हाच. समोरच्याने सलग तीन-चार वेळा पिक-अँड-रोलवर गुण काढले की दोन पझेशन २-३ लावा. त्याला विचार करावा लागतो, घड्याळ चालू राहतं आणि घाईत फटका जातो. तो कोपऱ्यात पास टाकायला लागला की परत मॅन-टू-मॅनवर (प्रत्येकाने आपला एक खेळाडू अडवणं) या. कोपऱ्यातला थ्री २२ फुटांवरून जातो, कमानीच्या माथ्यावर तेच अंतर २३ फूट ९ इंच आहे, म्हणजे झोन मोकळी ठेवतो ती जागा नेमकी थ्रीसाठी सगळ्यात जवळची. संपूर्ण सामना झोनवर काढणं म्हणजे चांगल्या खेळाडूला तोच एक पास शिकवत राहणं.

एका परिस्थितीत मात्र मी झोनला मॅन-टू-मॅनच्या पुढे ठेवेन. तुमचं इंटरनेट अडखळत असेल आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलत असेल, तर बॉलवरचा माणूस तुमच्या हातात असणं धोक्याचं. अशा वेळी झोन लावून तुम्ही आतला खेळाडू घ्या आणि फक्त फटका अडवायला हात वर करा. घरच्या ब्रॉडबँडवरून दूरच्या सर्व्हरशी खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे जास्त लागू पडतं.

फुल कोर्ट प्रेस फारच मर्यादित कामाचा. खेळाडूंची ऊर्जा भराभर उतरते, आणि दमलेल्या खेळाडूचा बचावही पडतो, फटकाही पडतो. शेवटच्या दोन मिनिटांत पिछाडीवर असाल तर ठीक आहे.

तुम्ही स्वतः कुणाला चालवता यावरही निवड अवलंबून आहे. बॉलवरचा गार्ड चालवत असाल तर ऑन-बॉल प्रेशर, म्हणजे बॉल असलेल्याला किती जवळून अडवायचं ते सेटिंग, फक्त तुमच्याशिवाय इतरांसाठी महत्त्वाचं उरतं. ‘स्मदर’ ठेवून साथीदारांना चिकटवलं की चपळ गार्ड त्यांच्या बाजूने एका झटक्यात निघून जातो. मी चांगल्या शूटरवर ‘टाइट’, ड्राइव्ह करणाऱ्यावर ‘मॉडरेट’ आणि थ्री न मारणाऱ्यावर ‘गॅप’ ठेवतो. तुम्ही सेंटर किंवा पॉवर फॉरवर्ड चालवत असाल तर ड्रॉपच घ्या, कारण मग कधी वर यायचं आणि कधी खाली थांबायचं हे तुमच्याच हातात राहतं, आणि संगणकाचा सेंटर जिथे चुकतो तिथे तुम्ही चुकत नाही.

ड्राइव्हवरची मदत हा भाग समोरचा संघ बघून ठेवावा. चार शूटर मैदानात असतील तर मदत कमी करा आणि दोन गुण देऊन टाका. दोनच शूटर असतील तर मदत पूर्ण चालू ठेवा आणि न मारणाऱ्याच्या माणसाला आत ओढा. शूटर नसलेल्या खेळाडूला अडवणारा बचावपटू हा तुमचा दुसरा सेंटर असतो.

तेव्हा निवड अशी करा. उंच, मंद, ब्लॉक करणारा सेंटर आणि एक तरी पिक डॉजर गार्ड असेल तर ड्रॉप, सोबत बाजूच्या स्क्रीनवर आइस. पाचही जण साधारण सारख्या उंचीचे आणि चपळ असतील, जसे मायटीममध्ये (गेममधला आपला संघ जमवण्याचा प्रकार) लोक मुद्दाम जमवतात, तर स्विच. एक कच्चा दुवा असेल तर त्याला वगळून मिश्र बचाव. मायएनबीएमध्ये हंगाम खेळत असाल आणि बहुतेक सामने संगणकाशीच होत असतील, तर ऑटो चालू ठेवा आणि फक्त मोठ्या शूटर्सची सेटिंग्ज हाताने तपासा.

खेळाडू बदलला की मॅचअप्स दरवेळी एकदा उघडून बघा. बेंचवरचा बुटका गार्ड त्यांच्या सर्वोत्तम स्कोअररच्या वाट्याला गेलेला असू शकतो. आणि एनबीएचे सामने आपल्याकडे सकाळी लागतात, तेव्हा एखादा पूर्ण क्वार्टर बॉल सोडून फक्त सेंटरच्या पायांकडे बघा: स्क्रीन लागताना तो वर येतोय, जागीच थांबतोय की मागे सरकतोय. मग आपल्या टीमला तेच सेटिंग लावून सराव सामन्यात दहा-बारा पझेशन काढा.