स्क्रीनवर २ ग्रे, डिशमध्ये किती?

आमच्या गंगापूर रोडच्या लॅबमध्ये पेशींना एक्स-रे द्यायचं कॅबिनेट आलं त्याला वर्ष होईल आता, ५० केव्हीचं (म्हणजे ट्यूबला ५० हजार व्होल्ट), फ्रिजएवढं आहे. दोघा-तिघांनी घ्यावं का म्हणून विचारलं, म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही.

कोबाल्टसारखा किरणोत्सारी सोर्स सांभाळायची भानगड नाही, स्विच बंद की किरण बंद, दार नीट लागलं नसेल तर ट्यूब चालूच होत नाही, इथपर्यंत मस्त. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) कागदपत्रं त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर करायची ती मात्र चुकत नाहीत.

पण स्क्रीनवर २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं एकक) दिसले म्हणजे पेशींना २ ग्रे मिळाले असं धरून चालू नका. आम्ही तसंच धरलं. जगलेल्या पेशींच्या कॉलनी दोन आठवडे वाढवल्या, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्या; एक्स-रे दिलेल्या डिशमध्ये त्या कमी दिसायला हव्यात, तर एक्स-रे दिलेली डिश आणि न दिलेली डिश जवळजवळ सारखीच! सर म्हणाले तू मोजायला चुकलीस. मी परत मोजलं, तेच. मग डोक्यात आलं की किरण वरून येतो आणि पेशी तर तळाला चिकटलेल्या, ट्यूबमधून कमी ऊर्जेचे, म्हणजे मऊ किरणही निघतात, त्यातला १० केईव्ही ऊर्जेचा किरण जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्यात निम्मा होतो आणि ३५ एमएमच्या डिशमध्ये २ एमएल मीडिया (पेशी वाढवायचं द्रव) ओतला की दोन मिलिमीटरच्या वर थर होतो, वर झाकण ठेवलेलं ते वेगळंच. आता एक्सपोजरपुरता मीडिया कमी करतो आणि अर्ध्या एमएमचा अ‍ॅल्युमिनियम फिल्टर लावतो, म्हणजे फार मऊ किरण आधीच गळतात. वेळ बराच वाढतो, पण आकड्यावर भरवसा बसतो.

दुसरं, गॅफक्रोमिक फिल्म (जितका डोस जास्त तितकी गडद होते ती) डिशच्या जागी ठेवून बघितली, दुसऱ्या दिवशी स्कॅन केली तर एका बाजूला गडद निळी आणि दुसरीकडे चक्क फिकट. सर्व्हिसवाले म्हणाले, 'मॅडम, ट्यूबच्या अ‍ॅनोडच्या (जिथून एक्स-रे निघतात त्या टोकाच्या) बाजूला कमीच पडतं.' बरोबर आहे हो, पण ब्रोशरमध्ये मग एकसारखा डोस कशाला छापलाय? फिरता ट्रे घ्या म्हणाले, त्याचे पैसे वेगळे.

आणि पावसाळ्यात एकदा एक्सपोजर चालू असताना लाईट गेली, परत आली तेव्हा मशीनला किती डोस दिला होता ते आठवतच नव्हतं, सहा डिश फेकल्या. यूपीएस कोटेशनमध्ये नव्हता, तो आम्ही नंतर आमच्याच खर्चाने बसवला. घेणार असाल तर तो आणि फिरता ट्रे दोन्ही आधीच लिहून घ्या.