मेंदूच्या धमनीत ब्लॉकेज: स्टेंट की गोळ्या?

हृदयात ब्लॉकेज निघालं की स्टेंट टाकायचा, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की मेंदूच्या धमनीत ब्लॉकेज निघालं तरी घरचे तोच हिशेब लावतात. ‘आयुष्यभर गोळ्या कशाला, एकदाचा स्टेंट टाकून मोकळे होऊ.’ पॅरालिसिसचा छोटा झटका येऊन गेलाय, पेशंट सावरलाय आणि आता निर्णय तुमच्यावर येऊन ठेपलाय, असं असेल तर हे वाचा. डोक्यातल्या बहुतेक ब्लॉकेजसाठी माझा कौल गोळ्यांना आहे, आणि त्या स्वस्त पडतात म्हणून नव्हे.

आधी रिपोर्टमध्ये एकच गोष्ट शोधा: ब्लॉकेज मानेत आहे की कवटीच्या आत? मानेतल्या कॅरोटिड धमनीचं गणित वेगळं आहे. तिथे ७० टक्क्यांहून जास्त ब्लॉकेज असेल आणि त्याच बाजूमुळे झटका आला असेल, तर शस्त्रक्रियेचा फायदा १९९१ मध्येच सिद्ध झालाय. दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचं प्रमाण नुसत्या औषधांवर २६ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के. मानेत ऑपरेशन की स्टेंट हा पुढचा प्रश्न; सत्तरी ओलांडलेल्यांना साधारणपणे ऑपरेशन जास्त मानवतं. मानेचा विषय इथेच सोडतो.

कवटीच्या आतल्या धमन्या कडक आणि अरुंद होणं आपल्या आशियाई लोकांत गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं. या आजारात झटका एकाच वाटेने येत नाही. चरबीचा थर फुटून तिथेच गुठळी धरते, किंवा गुठळीचा तुकडा सुटून पुढच्या बारीक फांदीत अडकतो. कधी थरामुळे छोट्या फांदीचं तोंडच बुजतं, तर कधी बीपी घसरला की पलीकडे पुरेसं रक्त पोचत नाही. स्टेंट धमनी रुंद करतो, म्हणजे मुख्यतः या शेवटच्या अडचणीवर तो उपाय आहे. गुठळी धरू नये आणि थर शांत राहावा, हे काम गोळ्यांचं.

अमेरिकेत ‘सॅम्प्रिस’ नावाची चाचणी झाली, ती नेमकी याच प्रश्नावर. ७० ते ९९ टक्के ब्लॉकेज आणि गेल्या महिन्याभरात झटका किंवा झटक्याची पूर्वसूचना, असे पेशंट. निम्म्यांना कडक औषधोपचार, निम्म्यांना तोच औषधोपचार अधिक स्टेंट. ७६४ जण घ्यायचे होते. ४५१ झाले आणि एप्रिल २०११ मध्ये भरती थांबवावी लागली. कारण ३० दिवसांत झटका किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के निघालं आणि गोळ्यांवाल्यांत ५.८. पुढे भरपाई होईल ही आशाही फोल ठरली: तीन वर्षांनी २३.९ विरुद्ध १४.९.

असं का व्हावं? मेंदूची मधली धमनी जेमतेम तीन मिलिमीटरची, भिंत पातळ, आणि तिच्यातून केसांसारख्या फांद्या थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात. स्टेंट फुलला की दाबलेला थर या फांद्यांच्या तोंडाशी सरकतो आणि त्या बंद पडतात. स्टेंटच्या गटातले बहुतेक सुरुवातीचे झटके प्रक्रियेनंतर दिवसभरातच आले; काही तर रक्तस्रावाचे होते.

आता ‘मोकळे होऊ’ या भ्रमाबद्दल. स्टेंट टाकला तरी एकही गोळी सुटत नाही. उलट स्टेंटमध्ये गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चुकवून चालतच नाही.

पण गोळ्यांचा मार्ग म्हणजे सकाळी एक इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) घेतली की झालं, असंही नाही. सॅम्प्रिसमध्ये जो जिंकला तो उपचार असा होता: अ‍ॅस्पिरिन कायम, सोबत क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी ९० दिवस, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ७०च्या खाली, वरचा बीपी १४०च्या खाली, डायबेटिस असेल तर १३०, शिवाय तंबाखू, वजन आणि व्यायामासाठी मागे लागणारा माणूस. यातलं शेवटचं आपल्याकडे घरच्यांनाच करावं लागतं. बीपीचं मशीन घरी हवं, तीन महिन्यांनी रक्तातली चरबी (लिपिड) तपासायला हवी, मिश्री आणि लोणचं-पापड यांच्याशी भांडायला हवं. ९० दिवसांनी क्लोपिडोग्रेलचं काय करायचं हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. जुन्या चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. दात काढायचाय म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणं, हे दुसरं टोक.

नंतर चीनमध्ये अनुभवी हातांनी, झटक्यानंतर तीन आठवडे थांबून, पेशंट निवडून स्टेंट टाकून पाहिले. २०२२ चा निकाल: वर्षभरात झटका-मृत्यूचं प्रमाण स्टेंटवाल्यांत ८.० टक्के, नुसत्या गोळ्यांवाल्यांत ७.२. नुकसान आटोक्यात आलं, फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये मात्र चित्र जरा हललं. स्टेंट न ठेवता नुसत्या फुग्याने धमनी थोडीशीच रुंद करायची, अशा चाचणीत वर्षभरात झटका, मृत्यू किंवा तीच धमनी पुन्हा उघडावी लागण्याचं प्रमाण ४.४ टक्के, नुसत्या औषधांवर १३.५. आकडे दमदार आहेत. पण फुगा फुगवताना सातातल्या एकाच्या धमनीला आतून चीर गेली, आणि ही एका देशातली एक चाचणी. मी याकडे लक्ष ठेवीन, लगेच रांगेत उभा राहणार नाही.

मग स्टेंट कुणाला? गोळ्या खरोखर नीट चालू असताना, बीपी-एलडीएल काबूत असताना, त्याच धमनीमुळे पुन्हा झटका आला तर. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये सॅम्प्रिसमधल्या स्टेंटचा वापर साधारण अशाच, दोन किंवा अधिक झटके आलेल्या पेशंटपुरता आवळला. झटका चालू असताना गुठळी ओढून काढणं ही वेगळी, तासांच्या हिशेबातली गोष्ट. तिथे घरी चर्चा करत बसू नये.

आणि रिपोर्टमधला टक्का कुठून आला ते विचारा. एमआर अँजिओत, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेल्या धमन्यांच्या चित्रात, अरुंदपणा आहे त्याहून जास्त दिसू शकतो. नेमकं मोजायला डीएसए, म्हणजे धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफी, लागते, मात्र तिलाही थोडा धोका असतो, त्यामुळे स्टेंटचा विचार खरंच चालू असेल तरच ती करावी. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. स्कॅनची सीडी न्या, आणि ती न्यूरोलॉजिस्टला दाखवा, म्हणजे स्टेंट टाकणाऱ्याशिवाय आणखी कुणीतरी ती पाहील.