सीटी अँजिओग्राफी की नळीची अँजिओग्राफी?

सात रस्त्याजवळ राहणाऱ्या एका मित्राने विचारलं: मामांना सिद्धेश्वर तलावाला फेरी मारताना छातीत दडपल्यासारखं होतं, बसले की थांबतं. टीएमटीचा, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात त्या चाचणीचा, रिपोर्ट धड होय म्हणेना, नाही म्हणेना. आता पुढची तपासणी कोणती?

पर्याय दोन: सीटी अँजिओग्राफी आणि नळीची. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का, हे दोन्ही दाखवतात. त्रास सीटीत कमी. हाताच्या शिरेतून डाय (रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणूनचा द्रव) जातो, अंगात गरम लाट येते, काही सेकंद श्वास रोखायचा. ठोके साठच्या आसपास यावेत म्हणून आधी गोळी देतात आणि चहा बंद. मामांना खरी शिक्षा तीच! दुसऱ्या तपासणीत मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून नळी थेट हृदयापर्यंत जाते. २०२२च्या डिस्चार्ज या युरोपीय अभ्यासात स्थिर छातीदुखीच्या रुग्णांमध्ये तपासणीशी निगडित मोठी गुंतागुंत सीटीच्या गटात ०.५ टक्के, नळीच्या गटात १.९ टक्के होती. डाय दोन्हीकडे लागतो, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) आधी बघा.

खर्च सीटीचा कमी, पण ब्लॉक मोठा निघाला तर नळीची करावीच लागते. तिथे स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) त्याच बैठकीत बसू शकतो. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम खूप साठलं असेल किंवा बारीक स्टेंट आधीच असेल, तर सीटीचं चित्र धूसर येतं.

मामांसारखी शंका मध्यम असेल तर सीटी. थोडं चालताच दुखतं, औषधांनीही थांबत नाही, तर नळीची. बसल्या जागी दुखून घाम फुटला तर तुलना कसली करता, थेट इमर्जन्सी गाठा.