स्वस्त ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: घरी गाडीची कामे करणाऱ्यांनी घ्यावा का?

एअर फिल्टर बदलणे, स्पार्क प्लग टाकणे, थ्रॉटल बॉडी साफ करणे अशी कामे घरीच उरकणाऱ्या माणसाला धास्ती असते ती एकाच गोष्टीची: काम आटोपून, हात धुऊन गाडी सुरू करावी आणि डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन लाइट विझायचे नाव घेऊ नये. अशा वेळी सर्व्हिस सेंटरकडे धाव घेण्याआधी वापरता यावा म्हणून मी ओबीडीशी, म्हणजे दोष ओळखून नोंदवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेशी, जोडला जाणारा, ईएलएम327 या चिपच्या प्रकारचा, काडेपेटीहून थोडा मोठा असा एक ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन मागवला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, किंमत हजार रुपयांच्या आत आहे आणि बरेच महिने वापरल्यानंतर त्याच्याविषयीचे माझे मत चांगले, पण अटींसह चांगले आहे.

ज्या प्रसंगाने त्याची खरी परीक्षा झाली तो आमच्या मेहुण्यांच्या पेट्रोल सेडानचा. त्यांनी एअर फिल्टर स्वतः बदलला आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागला. गाडी चालत होती, मात्र पिकअप मेल्यासारखा झाला होता. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर बसवून मोबाइलशी जोडल्यावर दोषाचे दोन कोड एकदम आले: पी0102, म्हणजे हवेचे प्रमाण मोजणाऱ्या मॅफ सेन्सरचा सिग्नल फार कमी, आणि पी0113, म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल फार जास्त. ओळखीच्या एका मिस्त्रीने फोनवरूनच मॅफ सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला होता आणि तो सेन्सर काही स्वस्त नसतो. परंतु हे दोन्ही सेन्सर त्या गाडीत एकाच घरात बसवलेले असून त्यांच्या तारा एकाच कनेक्टरमधून जातात, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी बिघडले असे मानण्यापेक्षा कनेक्टरच सुटला असावा हे मानणे अधिक सयुक्तिक होते.

या तर्काला पुष्टी मिळाली ती स्कॅनरच्या लाइव्ह डेटामधून, आणि माझ्या मते या उपकरणाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या इंजिनाशेजारी, आत येणाऱ्या हवेचे तापमान पडद्यावर उणे 40 अंश दिसत होते. तापमान घटते तसा या सेन्सरचा रोध वाढतो, त्यामुळे तार तुटली किंवा कनेक्टर निघाला की गाडीतल्या संगणकाला वाटते हवा कमालीची थंड आहे, आणि तो त्याच्या मोजपट्टीचे खालचे टोक दाखवतो. बॉनेट उघडून फिल्टरच्या डब्यालगतचा कनेक्टर पाहिला, तर तो वरवर बसलेला दिसत होता, पण लॉक लागलेले नव्हते. अंगठ्याने दाबल्यावर टक असा आवाज आला आणि उणे 40 च्या जागी 46 आले. सेन्सर विकत घ्यावा लागला नाही.

हे सगळे वाचून कोणी असे समजू नये की कोड म्हणजे निदान. फिल्टरच्या डब्यानंतरच्या रबरी पाइपाची पट्टी ढिली राहिली तर मॅफने न मोजलेली हवा आत शिरते आणि पी0171, म्हणजे मिश्रणात इंधन कमी, असा कोड येतो. मात्र हाच कोड इंधनपंप कमजोर झाला किंवा इंजेक्टर चोंदले तरी येऊ शकतो. अशा वेळी फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो त्याचे, आकडे पाहावेत: आयडलिंगला ट्रिम बरेच अधिक असून रेस दिल्यावर ते शून्याकडे उतरत असेल, तर संशय हवेच्या गळतीवर, उलट, वेग वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल, तर इंधनपुरवठ्यावर. हा स्कॅनर ते आकडे दाखवतो. त्यांचा अर्थ लावणे आपल्याकडे.

कोड पुसण्याचे बटण सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक आहे. ते दाबले की कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनाचे तापमान ही माहिती हातची जाते. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्यावा. दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष ड्रायव्हिंग सायकलनंतर (गाडी सुरू करून, चालवून, बंद करणे ही एक सायकल) दिवा सहसा आपोआप विझतो. शिवाय पुसल्यामुळे रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या प्रदूषणविषयक चाचण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी, शून्यावर येतात. आपल्याकडे पीयूसीला त्याने फरक पडत नसला, तरी कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी स्मॉग चेकच्या, म्हणजे तिथल्या प्रदूषण तपासणीच्या, आदल्या दिवशी हा उद्योग करू नये, गाडी परत पाठवतात. आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळल्यामुळे) धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याचा धोका असतो. तेव्हा स्कॅनर शोधत बसण्याआधी गाडी बाजूला घ्यावी.

आता उणिवा. खोक्यावर 'आवृत्ती 1.5' असे दिमाखात छापले आहे. ईएलएम327 ही चिप बनवणाऱ्या मूळ कॅनेडियन कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, त्यामुळे हा नकलेचाच माल आहे हे उघड आहे. कोड वाचायला त्याची अडचण येत नाही, पण एकाच वेळी पाच-सहा आकडे पाहायला गेलो की पडदा अडखळतो आणि मध्येच जोडणी तुटते. एबीएस आणि एअरबॅगचे दोष त्याला दिसत नाहीत. त्यासाठी बरेच महाग स्कॅनर लागतात. सॉकेटमधून तो इतका बाहेर येतो की उंच माणसाचा गुडघा त्याला लागतोच. त्या सॉकेटला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर तो काढून ठेवलेला बरा. सोबतच्या सीडीकडे ढुंकूनही पाहू नये, टॉर्क किंवा कार स्कॅनर यांपैकी एखादे अ‍ॅप पुरेसे आहे.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. बीएस-4 गाड्यांना आपल्याकडे ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून लागू झाले. त्याआधीच्या गाडीत सॉकेट तसेच दिसले तरी सगळी माहिती मिळेलच असे नाही. आयफोन वापरणाऱ्यांनी साध्या ब्लूटूथचा हा प्रकार न घेता वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्यावा, एरवी जोडणीच होत नाही. पार्सल आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी तो आपल्याच गाडीला लावून इंजिनाचे तापमान आणि आरपीएम नीट दिसतात का, हे पाहावे; याच रूपाच्या दोन खोक्यांत आतला माल वेगवेगळा निघू शकतो.