सोयाबीन वडी की पनीर? प्रोटीनचा हिशोब

भाचा जळगावला रूमवर राहतो, जिम लावलीय, घरचे माळकरी त्यामुळे अंडं बंद. मामा सोयावडी घेऊ का पनीर, असं विचारत होता. पावडरच्या जाहिराती बाजूला ठेव म्हटलं, आधी हिशोब बघ.

१०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, पनीरमध्ये १८-२०. पण वडी पाणी पिऊन फुगते, कोरडी १०० ग्रॅम एका बैठकीत कोण खातंय! म्हणून १५ ग्रॅम प्रोटीन धरू, त्याला वडी ३० ग्रॅम लागते आणि पनीर ८० ग्रॅम. सुटी वडी दीडशे रुपये किलो धरली तर साडेचार रुपयात काम होतं, पनीर चारशेनी धरलं तर बत्तीस रुपये, आणि रोजचं म्हटलं की महिन्याला फरक आठशेच्या वर जातो.

टिकायला वडीच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, लाईट गेली की पनीर आंबलंच समजा.

चवीला मात्र पनीर, ते नुसतं मीठ-मिरी लावूनही जातं. वडी मिठाच्या पाण्यात उकळून दोनदा घट्ट पिळावी लागते, नाहीतर तो वास... मग काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाक, शेवभाजीसारखी ओरपशील. पनीरमध्ये फॅट जास्त, पण कॅल्शियम मिळतं आणि थोडं बी१२ही, बी१२ वडीत नसतं.

रूमवर फ्रिज नाही, बजेट कमी, तर वडी. वजन वाढवायचंय, घरी दुभतं आहे, तर पनीर. आणि आजीची कळण्याची भाकरी सोडू नको, उडीद-ज्वारीची जोडी प्रोटीनला चांगलीच आहे.