जेन्टचं रिस्टोअर केलेलं स्टेशनचं घड्याळ – घेतलं, आणि खूप आवडलं

लेस्टरला राहतो, त्यामुळे इथलंच जेन्ट कंपनीचं जुनं स्टेशनचं घड्याळ घरात हवं होतं. 1872 पासूनची कंपनी, यांच्या सिस्टीमचं नाव पल-सिन-एटिक. म्हणजे ऑफिसात एक मास्टर घड्याळ लंबकावर चालायचं, ते दर 30 सेकंदांनी विजेचा एक झटका पाठवायचं आणि प्लॅटफॉर्मवरची सगळी घड्याळं एकाच वेळी अर्धा मिनिट पुढे सरकायची, त्यांना स्वतःची स्प्रिंगच नाही, किल्ली द्यायची भानगड नाही! आत चुंबक आणि 120 दात्यांचं चाक, तासात एक फेरा.

आधी एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, फोटो छान होते, घरी उघडलं तर आतलं मूळ मशीन काढून साधं क्वार्ट्झ बसवलेलं, फार वाईट वाटलं, परत केलं. हे दुसरं घेतलं त्यात मशीन मूळचंच आहे, सोबत एक छोटं सर्किट दिलंय जे मास्टरचं काम करतं, बॅटरीवर. डायलवरचे बारीक तडे त्यांनी तसेच ठेवलेत, नवा रंग फासला नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. वजन बरंच आहे, भिंतीत मजबूत हुक लागतो. किंमतही जास्तच वाटली पण काम बघून पटली.

दर अर्ध्या मिनिटाला खट्ट आवाज येतो हां, बेडरूममध्ये लावू नका. आम्ही हॉलमध्ये लावलंय, आई पुण्याहून आली की त्याच्यासमोरच चहा घेत बसते.